नवा मॅनेजर कोण? : बंद दारामागचा व्यवहार आणि दाराबाहेरची कुजबूज

२४ मे २०२४ हा शुक्रवार होता. दुसऱ्या दिवशी वेम्बलीवर एफए कपचा अंतिम सामना होणार होता, आणि नेमक्या त्या आदल्या दिवशी ‘गार्डियन’ने बातमी दिली की सामन्याचा निकाल काहीही लागो, मँचेस्टर युनायटेड आपले मॅनेजर एरिक टेन हाग यांना काढणार आहे. शनिवारी युनायटेडने मँचेस्टर सिटीला २-१ असे हरवून कप उचलला. मग पुढचे दोन आठवडे जगभरचे युनायटेडचे चाहते एकच कोडे सोडवत बसले : हे राहणार की जाणार, आणि गेले तर येणार कोण? टॉमस टुखेल, मॉरिसिओ पोचेटिनो, गॅरेथ साउथगेट अशी नावे रोज वरखाली होत होती. जूनमध्ये क्लबने टेन हाग यांनाच ठेवायचे ठरवले, जुलैत त्यांचा करार २०२६ पर्यंत वाढवला आणि २८ ऑक्टोबरला त्यांना घरी पाठवले. मग मे महिन्यातली ती बातमी खोटी होती का? तारखांचा हिशेब मांडला तर होय. पण टेन हाग यांनीच नंतर हॉलंडमधल्या टीव्हीवर सांगितले की ते सुट्टीवर असताना क्लबचे वरिष्ठ त्यांना भेटायला आले, आणि टुखेलशी आपले बोलणे झाले होते हे त्यांनी कबूल केले. म्हणजे बंद दारामागे काहीतरी शिजत होते हे नक्की. बातमीदाराला वास लागला तो शिजणाऱ्या पदार्थाचा. तो पानात पडला नाही, एवढेच.

मॅनेजरबद्दलच्या बातम्या तपासताना आपण सहसा एकच फूटपट्टी लावतो : खरी ठरली की खोटी. ही फूटपट्टी अपुरी आहे असे माझे मत आहे. इंग्लिश फुटबॉलचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला तर ही कुजबूज बहुतेक वेळा वाटाघाटीतल्याच कोणीतरी, कुठल्यातरी हेतूने सोडलेली पुडी असल्याचे दिसते. संचालक, एजंट, इच्छुक मॅनेजर, पद जाण्याच्या बेतात असलेला मॅनेजर, सट्ट्याची दुकाने : या प्रत्येकाला ती पुडी वेगवेगळ्या कारणांनी उपयोगी पडते. वर्तमानपत्र हे तिच्या वाटेवरचे एक ठाणे आहे, उगम नव्हे. आणि चाहता? त्याला त्या खोलीत खुर्ची नाही, पण तिथे ठरलेल्या गोष्टीचे बरेवाईट फळ त्यालाच वर्षानुवर्षे भोगायचे असते. म्हणून तो दाराला कान लावतो. त्याचे हे कान लावणे मला मुळीच हास्यास्पद वाटत नाही. त्याने कशाकडे कान द्यावा, हा मात्र प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर या इतिहासातच सापडते.

सुरुवातीला अशी कुजबूज नव्हतीच, कारण कुजबुजण्याजोगा माणूस नव्हता. १८८५ मध्ये व्यावसायिक खेळाडूंना मान्यता मिळाली, १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली, तेव्हा क्लब चालवत ते संचालक : गावातले गिरणीमालक, दारूभट्टीवाले, दुकानदार. संघ निवडायची त्यांचीच समिती. त्यांच्या हाताखाली एक सेक्रेटरी असे. तो पत्रव्यवहार बघे, रेल्वेची तिकिटे काढे, पगार वाटे आणि जमेल तसा खेळाडूंच्या खरेदीत हात घाले. काही सेक्रेटरी कर्तबगार निघाले, पण संघ जिंकला किंवा हरला तर त्याचे श्रेय वा खापर त्यांच्या माथी क्वचितच येई. एका माणसाच्या येण्याजाण्याने क्लबचे नशीब पालटते ही समजूत रुजल्याशिवाय त्या माणसाच्या नावावर तर्कवितर्क होणे शक्य नव्हते.

ती समजूत रुजवली हर्बर्ट चॅपमन यांनी. ११ मे १९२५ रोजी मँचेस्टरहून निघणाऱ्या ‘अ‍ॅथलेटिक न्यूज’ या साप्ताहिकात आर्सेनलची एक जाहिरात आली. टीम मॅनेजर पाहिजे, असे तिच्यात होते. आणि भरमसाट पैसे मोजून खेळाडू विकत घेणे हीच ज्यांची हुशारी, त्यांनी अर्ज करू नयेत, अशी स्पष्ट सूचनाही होती. त्या हंगामात आर्सेनल बावीस संघांत विसाव्या क्रमांकावर राहिला होता. जूनमध्ये चॅपमन आले. हडर्सफिल्डला त्यांनी १९२४ आणि १९२५ अशी सलग दोन वर्षे लीग जिंकून दिली होती. आर्सेनलमध्ये त्यांनी संघनिवड संचालकांच्या हातून आपल्याकडे घेतली, त्याच वर्षी बदललेल्या ऑफसाइडच्या नियमाला अनुसरून बचावाची मांडणी बदलली, १९३० मध्ये एफए कप आणि १९३१ व १९३३ मध्ये लीग जिंकली. मैदानाजवळच्या भुयारी रेल्वेच्या गिलेस्पी रोड स्थानकाचे नाव १९३२ मध्ये ‘आर्सेनल’ झाले, त्यामागेही त्यांचाच आग्रह होता. जानेवारी १९३४ मध्ये न्यूमोनियाने ते अचानक गेले. त्यानंतर क्लबने जॉर्ज अ‍ॅलिसन यांना मॅनेजर केले. अ‍ॅलिसन मूळचे पत्रकार. १९२७ च्या एफए कप अंतिम सामन्याचे बीबीसी रेडिओवरून वर्णन करणारा आवाजही त्यांचाच. वर्तमानपत्राची खोली आणि क्लबची खोली यांच्यामध्ये तेव्हा भिंत किती पातळ होती, हे यावरून कळते.

ही पातळ भिंत पुढची तीसेक वर्षे टिकली आणि तिनेच अफवांना आवर घातला. बातमीदार संघाबरोबर त्याच गाडीतून प्रवास करत, त्याच हॉटेलात उतरत. ६ फेब्रुवारी १९५८ ला म्युनिकच्या धावपट्टीवर मँचेस्टर युनायटेडचे विमान कोसळले तेव्हा मेलेल्या तेवीस जणांत आठ पत्रकार होते. मॅट बझ्बी यांचा संघ जिथे जाई तिथे मँचेस्टरचे बातमीदार जात, हा त्या काळचा शिरस्ता होता. या जवळिकीची किंमतही होती. बातमीदाराला आतले पुष्कळ माहीत असे, पण छापता येई थोडे, कारण पुढच्या शनिवारी त्याच गाडीत बसायचे असे. वाचकाला मिळे ती क्लबला द्यावीशी वाटलेली बातमी. त्या काळची पत्रकारिता जबाबदार होती आणि आजची उथळ झाली, असे म्हणणाऱ्यांनी हा भाग विसरू नये. अफवा कमी होत्या, पण म्हणून सत्य जास्त होते असे नाही.

साठच्या दशकात गाडीतली ही सोयरीक मोडली. १९६१ मध्ये खेळाडूंच्या पगारावरची कमाल मर्यादा उठली आणि फुटबॉलमध्ये मोठा पैसा व मोठी नावे आली. १९६४ पासून ‘मॅच ऑफ द डे’ हा टीव्हीवरचा कार्यक्रम सामने घरात दाखवू लागला. त्यामुळे काय घडले हे सांगण्यापुरते वर्तमानपत्र शिळे ठरले. आता काय घडणार आहे, हे सांगणे त्याच्या हाती उरले. १९६९ मध्ये रूपर्ट मर्डॉक यांनी ‘सन’ घेऊन तो टॅब्लॉइड केला आणि शेवटच्या पानाची चढाओढ सुरू झाली. खेळाच्या बातमीचा काळ बदलला, भूतकाळातून भविष्यकाळात गेला. माझ्या मते अफवांच्या इतिहासातले हे सर्वांत मोठे वळण आहे, कारण भविष्यकाळातली बातमी त्या दिवशी कोणालाही खोडून काढता येत नाही.

याच वळणावर, १२ जुलै १९७४ ला, बिल शँकली यांनी लिव्हरपूल सोडत असल्याचे जाहीर केले. पंधरा वर्षे त्यांनी तो क्लब घडवला होता आणि दोनच महिन्यांपूर्वी एफए कप जिंकला होता. ग्रॅनडा टीव्हीचा एक तरुण बातमीदार, टोनी विल्सन, माइक घेऊन लिव्हरपूलच्या रस्त्यावर उतरला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ही बातमी सांगू लागला. ते चित्रीकरण आजही पाहता येते. लोक त्याच्याकडे रोखून बघतात, थट्टा करतोस काय म्हणून विचारतात; एका पोराचा चेहरा तर ऐकता ऐकता उतरत जातो. बातमी शंभर टक्के खरी होती, क्लबने पत्रकार परिषद घेऊन दिलेली होती, आणि तरी ती कोणाला खरी वाटेना. आधी कुजबूज झालीच नव्हती, त्यामुळे मनाची तयारीही नव्हती. त्यानंतर मोठमोठी नावे चर्चेत आली, पण संचालकांनी शँकलींचेच सहायक बॉब पेझली यांना पुढे केले. ते स्वतः फारसे उत्सुक नव्हते. पुढच्या नऊ हंगामांत त्यांनी सहा लीग आणि तीन युरोपियन कप जिंकले. घरातला माणूस बातमीत शोभत नाही, म्हणून अंदाजांच्या यादीत तो मागे पडतो. हे लिव्हरपूलमध्ये तेव्हा दिसले आणि नंतर अनेकदा दिसत आले.

चाहत्यांची हतबलता किती होती, हे डर्बीत आदल्याच वर्षी दिसले होते. ऑक्टोबर १९७३ मध्ये डर्बी काउंटीचे मॅनेजर ब्रायन क्लफ यांनी संचालकांशी भांडून राजीनामा दिला. लोकांनी मोर्चे काढले, सभा घेतल्या, खेळाडूंनीही त्यांना परत आणा म्हणून आवाज उठवला. संचालक ढिम्म हलले नाहीत आणि डेव्ह मॅके यांना घेऊन मोकळे झाले. त्याच क्लफना १९७७ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय संघासाठी मुलाखतीला बोलावले गेले. लोकमताचा कौल उघडउघड त्यांच्याकडे होता. पण एफएने, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने, रॉन ग्रीनवुड यांना निवडले. आणि ही जागा रिकामी झाली ती कशी? ग्रीनवुड यांच्या आधीचे मॅनेजर डॉन रेव्ही यांनी आपल्या राजीनाम्याची बातमी ‘डेली मेल’ला विकली होती. १२ जुलै १९७७ च्या सकाळी ती छापून आली तेव्हा राजीनाम्याचे पत्र एफएच्या हाती पडलेसुद्धा नव्हते. रेव्ही संयुक्त अरब अमिरातीचा संघ सांभाळायला निघून गेले. एफएने त्यांच्यावर दहा वर्षांची बंदी घातली आणि १९७९ मध्ये हायकोर्टाने ती उठवली. पत्रकाराने चोरून मिळवलेली ही बातमी नव्हती. मॅनेजरने स्वतः, पैसे घेऊन, वेळ साधून ती बाहेर काढली होती. इथून पुढे ‘विश्वसनीय सूत्रे’ हे शब्द वाचताना चाहत्याने रेव्हींची आठवण ठेवायला हवी होती.

यानंतर हा व्यवहार पद्धतशीर होत गेला, आणि त्याला क्लबांच्या स्वतःच्या नियमांचाही हातभार लागला. करारात असलेल्या मॅनेजरशी त्याच्या क्लबच्या परवानगीशिवाय दुसऱ्या क्लबने बोलायचे नाही, असा नियम आहे. करार मोडायचा तर भरपाई द्यावी लागते, आणि ती थोडीथोडकी नसते : २०११ मध्ये आंद्रे व्हिलास-बोआस यांच्यासाठी चेल्सीने पोर्तोला दीड कोटी युरो मोजले, २०२४ मध्ये रुबेन अमोरिम यांच्यासाठी युनायटेडने स्पोर्टिंगला एक कोटीहून जास्त. अशा परिस्थितीत कोणताही क्लब उघडपणे नाव घेऊच शकत नाही. बोलणी मध्यस्थांमार्फत होतात आणि सगळे पक्ष ताकास तूर लागू देत नाहीत. मात्र त्याच वेळी प्रत्येकाला समोरच्यावर दडपण आणायचे असते. एजंटाला आपल्या माणसाचा सध्याचा पगार वाढवून घ्यायचा असतो, म्हणून मोठ्या क्लबला रस आहे असे तो कळवतो. क्लबला चाहत्यांची प्रतिक्रिया चाचपायची असते, म्हणून एखादे नाव सोडून बघितले जाते. हाताबाहेर जाणाऱ्या मॅनेजरला संचालकांना भिववायचे असते. अधिकृत मौन जितके कडक, तितका अनधिकृत शब्दाला भाव जास्त.

या भावाचा शब्दशः बाजारही आहे. १९६० च्या कायद्याने सट्ट्याची दुकाने इंग्लंडमध्ये वैध झाली आणि ती मे १९६१ पासून उघडली. पुढे ‘या क्लबचा पुढचा मॅनेजर कोण’ यावरही पैजा घेतल्या जाऊ लागल्या. या पैजेचे काम कसे चालते ते जवळून पाहण्यासारखे आहे. घोड्यांच्या शर्यतीवर किंवा कप अंतिम सामन्यावर प्रचंड पैसा लागतो, त्यामुळे एकट्यादुकट्याच्या पैशाने भाव हलत नाही. मॅनेजरच्या पैजेवर लागणारा पैसा थोडा असतो. त्यात आतली माहिती असणाऱ्याने पैसे लावले तर दुकानदाराला मोठा फटका बसतो, म्हणून तो फार मोठी रक्कम घेतच नाही, आणि एका नावावर जरा पैसे आले की घाबरून त्याचा भाव खाली आणतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र लिहिते की अमुक नावाचा भाव झपाट्याने उतरला. ते वाचून आणखी दहा जण त्या नावावर पैसे लावतात, भाव आणखी उतरतो आणि त्याचीही बातमी होते. कोणा एकाचा अंदाज अशा फेऱ्या मारत पुराव्याचा वेष घेतो. चाहत्याला वाटते की एवढे लोक पैसे लावत आहेत म्हणजे कोणाला तरी काही ठाऊक असणार. पुष्कळदा कोणालाच काही ठाऊक नसते.

१९९६ चा आर्सेनल हे याचे उलट टोक. ऑगस्टमध्ये मॅनेजर ब्रूस रिऑक यांना काढले तेव्हा वर्तमानपत्रांत योहान क्रायफ यांचे नाव गाजत होते. क्लबच्या मनात होते आर्सेन वेंगर, जपानमध्ये नागोया ग्रँपस एट हा संघ सांभाळणारे फ्रेंच गृहस्थ. नाव जाहीर झाले तेव्हा हे आर्सेन कोण, असा प्रश्न लंडनच्या फलकांवर विचारला गेला. पण वेंगर खरोखरच कोणाला माहीत नसावेत असे काही नव्हते. मोनॅकोला त्यांनी १९८८ मध्ये फ्रेंच लीग जिंकून दिली होती, ग्लेन हॉडल त्यांच्याच हाताखाली तिथे खेळले होते, आणि आर्सेनलचे उपाध्यक्ष डेव्हिड डीन यांची त्यांच्याशी अनेक वर्षांची ओळख होती. उघड्यावर पडलेली ही माहिती कोणी जोडली नाही, कारण अफवेला ओळखीचे नाव लागते. १९९८ मध्ये आर्सेनलने लीग आणि कप दोन्ही जिंकले. २००३-०४ चा लीग हंगाम एकही सामना न हरता संपवला.

अफवा खरी असली की ती निरुपद्रवी ठरते, असेही नाही. २००६ च्या विश्वचषकानंतर इंग्लंडचा संघ पोर्तुगालचे तेव्हाचे प्रशिक्षक लुईझ फेलिपे स्कोलारी यांच्याकडे द्यावा, असे एफएच्या मनात होते. या वेळी वर्तमानपत्रांचे बोट अगदी बरोबर जागी पडले. एप्रिलच्या अखेरीस पोर्तुगालमध्ये स्कोलारींच्या घराबाहेर बातमीदारांचा गराडा पडला. हे असले जगणे आपल्याला नको, असे सांगून त्यांनी दोन दिवसांत नाव मागे घेतले आणि ४ मे रोजी स्टीव्ह मॅक्लारेन यांची नेमणूक झाली. इथे खरी बातमीच छापल्यामुळे खोटी ठरली. खरे-खोटेपणाची फूटपट्टी अपुरी आहे असे मी म्हणतो ते यासाठी. या बातम्या घडणाऱ्या गोष्टीचे नुसते वर्णन करत नाहीत, त्या गोष्टीत हातही घालतात.

त्याच खुर्चीसाठी सहा वर्षांनी घडले ते याहून बोलके आहे. ८ फेब्रुवारी २०१२ ला फाबिओ कापेल्लो यांनी राजीनामा दिला. त्याच दिवशी लंडनच्या साउथवर्क न्यायालयात करचुकवेगिरीच्या आरोपातून हॅरी रेडनॅप निर्दोष सुटले. योगायोग इतका नाट्यमय होता की दुसरे नाव कोणाला सुचेना. वर्तमानपत्रे, खेळाडू, सट्ट्याची दुकाने, सगळ्यांचे एकमत झाले. १ मे रोजी एफएने नेमले रॉय हॉजसन यांना. एवढे एकमत चुकले कसे? रेडनॅप टॉटनहॅमशी करारबद्ध होते आणि त्यांना सोडवायला भरपाई लागली असती. हॉजसन यांचा वेस्ट ब्रॉमशी असलेला करार त्याच उन्हाळ्यात संपत होता, आणि स्वित्झर्लंड, फिनलंड अशा राष्ट्रीय संघांचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. एफएने घाई केली नाही आणि कोणाला काही कळू दिले नाही. रेडनॅप पत्रकारांशी मोकळेपणाने बोलत, त्यांना हवे ते वाक्य देत. त्यांच्याबद्दलचे प्रेम बातमीत उतरले आणि प्रेमालाच माहिती समजले गेले. करारांच्या तारखा बघणाऱ्या चाहत्याला त्या वसंतात सर्व मथळ्यांपेक्षा चांगला अंदाज करता आला असता.

यावर कोणी म्हणेल की एवढा विचार कशाला, खप वाढवायला वर्तमानपत्रे वाटेल ते छापतात, एवढेच खरे कारण. खपाचा भाग मोठा आहे, हे मी नाकारत नाही. ऐंशीच्या दशकात क्लबांच्या महागड्या फोनसेवा निघाल्या. एखादा मोठा खेळाडू क्लबच्या वाटेवर असल्याचे सूचित करणारी ओळ टीव्हीच्या मजकूर-पानांवर झळकवायची आणि चाहत्याने मिनिटामिनिटाला पैसे मोजत फोनवर ऐकत राहायचे, असा तो धंदा होता. त्यात भरडला गेला तो शाळकरी पोरगा आणि फोनचे बिल भरणारे त्याचे आईवडील. पण खप हे कारण अफवा का छापल्या जातात एवढेच सांगते. अमुक दिवशी अमुकच नाव का आले, हे सांगत नाही. त्यासाठी त्या नावाच्या करारात किती वर्षे उरली आहेत आणि त्याचा एजंट कोण, हेच बघावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दार बंद असल्यामुळे कुजबूज होते असे म्हणायचे, तर जिथे सभासद अध्यक्ष निवडतात त्या बार्सिलोना आणि रेआल माद्रिदमध्ये ती नसायला हवी. तिथे तर ती इंग्लंडपेक्षा दांडगी आहे. जून २००३ मध्ये बार्सिलोनाच्या अध्यक्षपदाचे उमेदवार जोआन लापोर्ता यांनी डेव्हिड बेकहॅम यांच्यासाठी दिलेला प्रस्ताव आपण मान्य केल्याचे खुद्द मँचेस्टर युनायटेडने जाहीर केले. लापोर्ता निवडून आले आणि बेकहॅम गेले माद्रिदला. तीन वर्षांपूर्वी माद्रिदमध्ये फ्लोरेंतिनो पेरेझ यांनी लुईस फिगो यांचे नाव पुढे करून निवडणूक जिंकली होती. त्यांनी मात्र ते खरे करून दाखवले. हा आक्षेप मी मान्य करतो आणि माझे म्हणणे तेवढे दुरुस्त करतो : नुसते मतदान दिल्याने कुजबूज थांबत नाही, कारण मत काही वर्षांतून एकदा पडते आणि करार रोज होतात. फरक इतकाच की तिथे पुडी सोडणाऱ्याचे नाव कळते, आणि पुढच्या निवडणुकीत त्याला जाब विचारता येतो. इंग्लंडमधल्या चाहत्याला तेवढेही मिळालेले नाही.

तिसरे म्हणणे असे की आता जमाना बदलला. फाब्रिझिओ रोमानो यांच्यासारखे बातमीदार करार पक्का झाल्यावर ‘हिअर वी गो’ म्हणतात आणि ते सहसा चुकत नाहीत. खरे आहे, पण ती व्यवहार संपतानाची बातमी असते. व्यवहार चालू असतानाचा काळोख तसाच आहे. २६ जानेवारी २०२४ ला युर्गेन क्लॉप यांनी लिव्हरपूल सोडणार असे सांगितल्यावर पहिले नाव आले शाबी अलोन्सो यांचे, कारण ते लिव्हरपूलचे माजी खेळाडू आणि त्या हंगामात लेव्हरकुझेनला जर्मन लीगमध्ये अजिंक्य ठेवणारे. २९ मार्चला त्यांनी आपण जागचे हलणार नसल्याचे सांगितले. मग अमोरिम यांच्या नावाचा पूर आला. शेवटी आले फेयेनूर्डचे आर्ने स्लॉट, आणि पहिल्याच हंगामात त्यांनी लीग जिंकली.

भारतातही हे सगळे २०२५ च्या जुलैत फार थोड्या दिवसांत घडून गेले. त्याआधीच्या वर्षी राष्ट्रीय संघाची जबाबदारी एफसी गोवाचे प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांच्याकडे आली होती, आणि काही काळ ते गोव्याचा क्लब आणि देशाचा संघ असे दोन्ही सांभाळत होते. ते गेल्यावर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने अर्ज मागवले आणि १७० अर्ज आले. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात बातमी आली की त्यांत बार्सिलोनाचे झावी एर्नांदेझ यांचेही नाव आहे. राष्ट्रीय संघाच्या संचालकांनी त्याला दुजोरा दिला. बातमी जगभर गेली. दुसऱ्या दिवशी महासंघाने खुलासा केला की झावी आणि पेप ग्वार्दिओला यांच्या नावाने आलेल्या ई-मेलची सत्यता पटलेली नव्हती आणि ते अर्ज खरे नाहीत. याचे खापर पत्रकारांवर फोडणाऱ्यांनी क्रम नीट पाहावा : बातमीदाराने अधिकाऱ्याला विचारले होते आणि अधिकाऱ्याने होय म्हटले होते. खातरजमा करायची राहिली ती अर्ज जिथे आले त्या टेबलावर. फिफाच्या क्रमवारीत १३३ व्या स्थानी घसरलेल्या देशातल्या चाहत्यांना क्षणभर ते खरे वाटावेसे वाटले, यात मला त्यांचा दोष दिसत नाही.

त्याच अर्जांतून तीन नावांची यादी झाली : स्टीफन कॉन्स्टंटाइन, श्टेफान तार्कोविच आणि खालिद जमील. १ ऑगस्टला महासंघाने जमील यांना नेमले. मुंबईत महिंद्र युनायटेड आणि एअर इंडियाकडून खेळलेले, मुंबई एफसीला अनेक वर्षे घडवलेले, २०१७ मध्ये ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून देणारे हे प्रशिक्षक. महासंघाचा सर्वोत्तम प्रशिक्षकाचा पुरस्कार त्यांना लागोपाठ दोन वर्षे मिळाला होता, महासंघाच्या खिशाला परवडेल असा त्यांचा पगार होता आणि गोव्याचे साव्हियो मेडेइरा यांच्यानंतर तेरा वर्षे कोणा भारतीयाला ही जागा मिळालेली नव्हती. यातली एकही गोष्ट गुप्त नव्हती. २९ ऑगस्टला त्यांच्या संघाने पहिल्याच सामन्यात यजमान ताजिकिस्तानला २-१ असे हरवले.